धूमकेतूचं पत्र

धूमकेतू लिफ्ट दुरुस्त करायचा. सेहेचाळीस वर्षांचा, अंगानं आडवा, नखांत कायमचं ग्रीस. आकाशात चमकून जाण्यासारखं त्याच्यात काहीही नव्हतं. तरी दर रविवारी दुपारी तीन ते सहा त्याला धूमकेतूच म्हणत, आणि आठवड्याच्या उरलेल्या एकशेपासष्ट तासांत लोक आपल्याला काय म्हणतात याची त्याला फारशी पर्वा नव्हती.

मंडळ चौघांचं होतं आणि चौघांचं वेड एकच. त्यांच्या लहानपणी 'गस्तीयान सात' नावाचं अवकाशातल्या सात जणांचं एक कॉमिक दर महिन्याला निघायचं. चौसष्ट अंक निघाले, पासष्टाव्याची जाहिरात झाली आणि दुकान बंद. चौसष्टाव्याच्या शेवटच्या चौकटीत कॅप्टन यानाबाहेर एका हातानं दाराला लटकला होता. तो अजून लटकलेलाच आहे. एखाद्यानं एवढ्या वर्षांत दुसरा काही छंद शोधला असता, पण या चौघांना ते जमलं नाही.

बैठक भरायची चंद्रकोरच्या कामाच्या खोलीत. चंद्रकोर कवळ्या बनवायचा. खोलीला मेणाचा वास, भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर नंबर टाकलेले प्लास्टरचे जबडे. त्यातला एखादा बाजूला सरकवून तिथं चहाचा कप ठेवायची सगळ्यांना सवय झाली होती.

"कॅप्टन हेल्मेट काढत नाही याचं कारण एकच," चंद्रकोर दर महिन्या-दोन महिन्यांनी सांगायचा. "त्याला दात नाहीत."

"तुला अख्ख्या जगात बोळकीच दिसतात," कडी म्हणायची. ही शनीची कडी, शाळेत भूगोल शिकवायची. अकराव्या अंकातल्या ग्रहाला दोन सूर्य आहेत आणि माणसांच्या सावल्या मात्र एकेकच, यावर ती बाराव्या वर्षी चिडली होती आणि अजून तिचा राग उतरला नव्हता.

चौथा उलटा ग्रह. तो वकील होता आणि मंडळातही वकीलच असायचा. धूमकेतूनं एकदा, यानातल्या लिफ्टला तोल धरायला वजनच लावलेलं नाही, ती एक दिवस खाली कुणाच्या तरी डोक्यात पडेल, असं म्हटलं, तेव्हा वकिलानं चष्मा पुसत विचारलं होतं, "अवकाशात खाली म्हणजे कुठं, ते आधी कोर्टाला सांगा." हा वाद तीन रविवार पुरला. चौथ्या रविवारी धूमकेतूला सर्दी झाली म्हणून तो मिटला, नाहीतर अजून चालला असता.

या टोपणनावांचीही एक गोष्ट आहे. कॉमिकच्या शेवटच्या पानावर 'खटपट्याची टपालपेटी' असायची. खटपट्या हा यानावरचा रोबो. वाचकांच्या पत्रांना तो उत्तरं द्यायचा. अवकाशात खरं नाव सांगू नये, शत्रू ऐकत असतो, असा त्याचा दंडक असल्यामुळे पत्रांखाली नुसती टोपणनावं छापली जायची. ज्याचं पत्र तिथं छापून आलंय त्यालाच मंडळात प्रवेश, आणि नावही तेच, असा नियम वकिलानं पहिल्याच बैठकीत केला होता. नुसते वाचक असलेले दोघे-तिघे आले आणि जिन्यावरूनच परत गेले.

धूमकेतू अकरा वर्षांपूर्वी जुन्या पुस्तकांच्या दुकानात मंडळानं लावलेली चिठ्ठी वाचून आला. त्यानं एकोणतिसावा अंक उघडला, शेवटच्या पानावरच्या एका पत्राखालच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हा मी."

"पत्र कशावर लिहिलं होतं?" वकिलानं विचारलं.

"कागदावर."

वकिलानं चष्मा पुसला, पुन्हा चढवला आणि म्हणाला, "बसा."

ती लोणकढी थाप होती. ते पत्र त्याचं नव्हतं. त्यानं जन्मात कुणाला पत्र पाठवलं नव्हतं. एवढंच खरं की तेरा वर्षांचा असताना ते वाचून तो कितीतरी वेळ माळ्यावर बसून राहिला होता, कारण कुणीतरी त्याच्या पोटातलं काढून छापल्यासारखं ते होतं. ताईनं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, ही थाप ऐकली तेव्हा ती हातातलं लाटणं खाली ठेवून हसली. "तू? पत्र? परीक्षेत निबंध सोडून यायचास तू."

ती हसली तरी तिनं कुणाला सांगितलं नाही. घरात ती दोघंच, आणि रविवारी तीन वाजता हा शर्ट बदलतो, भांग पाडतो, हे तिला दिसत होतं.

अशी अकरा वर्षं गेली, आणि मग एका बुधवारी एक म्हातारबाई कवळीचं माप द्यायला चंद्रकोरकडे आल्या. कडीही आपल्या सासूबाईंची तुटकी कवळी घेऊन तिथंच बसली होती. बाईंच्या तोंडात मापाचा लगदा, त्यामुळे बोलता येईना, पण त्या फळीवर रचलेल्या 'गस्तीयान सात'च्या अंकांकडे बोट करून हातवारे करत होत्या. लगदा काढल्यावर त्यांचं पहिलं वाक्य असं, "टपालपेटीचं पान माझ्याकडे असायचं." मग मंडळ आहे, रविवारी भरतं, सगळे पत्रलेखक आहेत, हे कळल्यावर त्या खूश होऊन म्हणाल्या, कवळी घ्यायला रविवारीच येते, सगळ्यांना बघते.

पुढच्या बैठकीत ही बातमी फुटली आणि धूमकेतूनं चहाचा कप एका जबड्यावरच टेकवला. सगळे "वा, वा" म्हणाले, पण त्या वा-वाला काही जोर नव्हता.

"म्हाताऱ्या माणसांना उगाच दगदग नको," वकील म्हणाला.

"आणि जिना केवढा उभा आहे," कडी म्हणाली.

"कवळी महिनाभर होणार नाही असं कळवू का?" चंद्रकोरनं विचारलं.

काय ही कनवाळू माणसं, असं धूमकेतूच्या मनात आलं. आपणही काहीतरी बोलावं म्हणून तो म्हणाला, "शिवाय लिफ्ट बंद आहे." त्या इमारतीला लिफ्ट नव्हतीच. पण नवल म्हणजे, तिघांनीही गंभीरपणे माना हलवल्या.

शेवटी नाही म्हणायचं धाडस कुणालाच झालं नाही. बाईंना घेऊन यायचं काम वकिलानं धूमकेतूवर ढकललं. "चढउतार तुझ्या धंद्यातला," म्हणाला.

तो आठवडा त्याला अन्न गोड लागलं नाही. बाईंनी एकदा 'हा मुलगा तो नव्हे' म्हटलं की संपलं. वकील काय करेल ते त्याला नीट दिसत होतं: चष्मा पुसेल, आणि पुसून झाल्यावर जिन्याकडे बघेल.

"खरं सांगून टाक," ताई म्हणाली. "फार तर काय होईल? हाकलतील."

"तेच तर."

"मग रविवारी घरी बसशील. माळा आवरू आपण."

माळ्याच्या उल्लेखानं त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

रविवारी तो बाईंना आणायला गेला. त्या चौथ्या मजल्यावर राहत. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, तिसऱ्या मजल्यापाशी कुरकुरणारी. एरवी त्यानं आधी तिचं दुखणं विचारलं असतं. आज बाईंना घेऊन उतरताना तिसरा गेला, दुसरा यायच्या आत त्यानं लाल बटण दाबलं. लिफ्ट मधोमध थांबली. नोकरीत हे केलं असतं तर त्याला त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

"बिघडली?" बाईंनी विचारलं.

"नाही. मी थांबवली. एक सांगायचंय." तो जाळीकडे बघत बोलला. "एकोणतिसाव्या अंकातलं धूमकेतूचं पत्र. ते मी लिहिलेलं नाही."

"माहीत आहे की," बाई म्हणाल्या. "ते मी लिहिलंय."

आणि त्या बोलतच राहिल्या, कारण ही गोष्ट त्यांना इतक्या वर्षांत कुणी विचारलीच नव्हती. पत्रं यायचीच नाहीत, म्हणाल्या. पान मात्र भरायचं असायचं. मग त्या गठ्ठे बांधायच्या टेबलावर बसून, जेवणाच्या सुट्टीत, आधी चार पत्रं लिहायच्या आणि मग खटपट्या होऊन त्यांना उत्तरं द्यायच्या. चौसष्टही अंक.

"एकही पत्र आलं नाही?"

"एक आलं होतं. पत्ता बदललाय, अंक जुन्या पत्त्यावर पाठवू नका, म्हणून."

"उलटा ग्रह?" त्यानं विचारलं.

"मीच."

"चंद्रकोर? शनीची कडी?"

"अरे, सगळी मीच. तुमचं मंडळ कळलं तेव्हा मला वाटलं, तुम्ही गंमत म्हणून नावं घेतलीत. खरंच सांगता तुम्ही एकमेकांना, पत्रं आमची म्हणून?"

त्यानं बटण सोडलं. लिफ्ट खाली आली.

रस्त्यानं चालताना आधी त्याला राग आला, आणि तो चांगला सणसणीत होता. अकरा वर्षं! कशावर लिहिलं होतं म्हणे! त्या वकिलापुढे अकरा वर्षं आपण मान खाली घालून बसलो, आणि तो स्वतः? कडी तर तिच्या पत्राला तीन मसुदे लागले होते असं सांगायची. बाईंनी विचारलं, "मग, तिथं गेल्यावर सांगून टाकू?" आणि त्याच्या ओठांवर 'सांगा' आलं होतं. वकिलाचा चेहरा बघायला त्यानं पगार दिला असता.

पण चौकात सिग्नलपाशी उभं राहावं लागलं, आणि उभं राहिल्यावर माणूस विचार करतो. जिना उभा आहे. दगदग नको. बंद लिफ्ट. म्हणजे या आठवड्यात चार घरांत चार माणसांना अन्न गोड लागलं नव्हतं.

"नको," तो म्हणाला. "मग आम्ही रविवारी जायचं कुठं?"

"बरं," बाई म्हणाल्या. "बघते मी."

खोलीत तिघेही उभे होते, शाळेत तपासणी असल्यासारखे. चंद्रकोरनं आधी कवळी बसवली. बाईंनी दोनदा दात वाजवून पाहिले, आरशात हसून पाहिलं, आणि मग खुर्चीत रेलून एकेकाला विचारायला घेतलं.

"उलटा ग्रह तू? किती चिडका होतास रे. चार ओळींच्या पत्रात तीनदा 'सबब'."

वकिलाचा चेहरा पांढरा पडला होता, तो हळूहळू माणसात आला. "होय," तो म्हणाला. "ते... होय. तसं होतं खरं."

"चंद्रकोर, तुझा कागद तेलकट होता. डब्याखाली ठेवला असशील."

"डब्याखालीच!" चंद्रकोरचा जीव भांड्यात पडला, आणि पडला तो असा की पाच मिनिटांत तो डबा केवढा होता, झाकणाला कुठं पोचा होता, हेही सांगू लागला. कडीचं म्हणे पाकिटावरचं तिकीट कायम उलटं असायचं. कडी लाजली. धूमकेतू कोपऱ्यात उभा राहून हे बघत होता आणि हसू दाबता दाबता त्याला ठसका लागला. प्रत्येकाला वाटत होतं, बाईंचा माझ्या बाबतीत काहीतरी घोटाळा झालाय, उरलेले तिघे मात्र खरे. आपण एकट्यानं हे ओळखलंय, याची त्याला जरा मिजासच आली.

"आणि हा धूमकेतू," कडी म्हणाली. "एकोणतिसावा अंक."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. जिभेनं नवीन कवळी चाचपली. "धूमकेतू?" त्या म्हणाल्या. "हे पत्र नाही बाई आठवत."

वय झालं म्हणून, की वात्रटपणा म्हणून, की तिघांसाठी थापा रचून दमल्या म्हणून, ते त्याला कधीच कळलं नाही. मिजास उतरली. वकिलानं चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. हेच ते, धूमकेतूच्या मनात आलं, आता हा जिन्याकडे बघेल.

"बाई," वकील म्हणाला, "आपली गफलत होतेय. त्या पत्राचा कच्चा मसुदा मी स्वतः पाहिलाय. यांच्या घरी. निळ्या शाईत."

वकील त्याच्या घरी कधी आलाच नव्हता.

"मीही पाहिलाय," चंद्रकोर म्हणाला. "हिरव्या शाईत."

"निळी आणि हिरवी, दोन्ही," कडी घाईनं म्हणाली. "खाडाखोड हिरव्यानं केली होती. आणि आठवत कसं नाही तुम्हाला? आम्हाला पाठ आहे." आणि वर्गात कविता म्हणावी तसं, हात मागे बांधून, तिनं ते म्हटलं. "प्रिय खटपट्या, तुमच्या यानात सात जण आहेत. आमच्या घरात दोघंच, त्यातलं एक दिवसभर कामाला जातं. यानात एखादी जागा असेल तर कळवावं. मला काही येत नाही, पण मी फार जागा घेत नाही."

मधल्या एका शब्दापाशी ती अडली, तो वकिलानं पुरवला.

धूमकेतूचे डोळे भरून आले. यांना माहीत होतं. केव्हापासून, कुणाला ठाऊक. कदाचित 'कागदावर' म्हणाला त्याच दिवसापासून. दुसऱ्यांच्या साक्षीत शाईचा रंग चुकला तर सोलून काढणारा हा माणूस कवळी घ्यायला आलेल्या एका बाईंसमोर खोटी साक्ष देत उभा होता, तेही इतकी वाईट. "ते पत्र..." धूमकेतू म्हणाला, आणि वकील त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "तू गप रे."

बाई सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होत्या. "असेल बाबा," त्या म्हणाल्या. "तिघं तिघं सांगताय म्हणजे आलं असेल. चौसष्ट अंकांत निदान एक तरी आलंच असेल."

हे वाक्य खोलीत सगळ्यांनी ऐकलं. चंद्रकोर एक जबडा उचलून त्याचा नंबर वाचू लागला. कडीनं अंकांचा सरळ असलेला गठ्ठा पुन्हा सरळ केला. आणि वकील, ज्याचं पोट अशाच एखाद्या निसटलेल्या शब्दावर चालायचं, त्यानं बाईंना विचारलं, चहात साखर किती.