डावी झडप

“आलो गं, चिमणे! बाजूला!”

हा आवाज शेवटचा ऐकला त्याला बरीच वर्षं झाली, मित्रांनो. पण लाकूड विसरत नाही. ओल लागली की फुगतं, ऊन लागलं की चिरतं, ऐकलेलं मात्र पोटात धरून ठेवतं.

मी एक जुनं झुलतं दार आहे. एका रेस्टॉरंटचा भटारखाना आणि जेवणाचं दालन यांच्या मधोमध उभं. मला दोन झडपा, आणि दोन्हींत डोळ्यांसारख्या गोल काचा. मला घडवून घेताना मालक सुताराला म्हणाला होता, “ढकललं की उघडलं पाहिजे, सोडलं की आपलं आपण मिटलं पाहिजे. बायकोच्या रागासारखं!” सुतार हसता हसता रंधा ठेवून खाली बसला.

मालकच इथला आचारी. माझ्या आतल्या बाजूला स्टेकची चरचर, बटाट्यांचं तळण. बाहेर बारवरच्या पेल्यांची किणकिण, वाढदिवसाच्या मेणबत्त्या, हसणं. उजव्या झडपेतून आत जायचं, डावीतून बाहेर यायचं. कुणाची कुणाला टक्कर नाही. दोन्ही हातांत भरल्या बश्या घेऊन मालक डाव्या झडपेला खांदा लावायचा आणि हाक द्यायचा. जवळच्या टेबलावर अभ्यास करणारी त्याची लेक चिमणी पाय आखडून घ्यायची. जाता जाता तिच्या वहीवर एक गरम बटाट्याचा काप पडायचा. सुटीच्या दिवशी तो माझ्या बिजागऱ्यांना तेल घाली आणि गुणगुणे:

तेल घाला बिजागरी, दार बोले गोड गोड
जाणाऱ्याला वाट देई, येणाऱ्याची राखी ओढ

एके दुपारी त्याच्या छातीत कळ आली. डाव्या झडपेतून तो बाहेर गेला, तो गेलाच.

पुन्हा चूल पेटली तेव्हा लंबू नावाच्या वाढप्याने सवयीने डाव्या झडपेकडे हात नेला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. कुणी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून सगळे उजवीतूनच जाऊ लागले, उजवीतूनच येऊ लागले. मग टकरा होऊ लागल्या, सूप सांडू लागलं, आणि एक नवी रीत पडली. अलीकडच्याने विचारायचं, “येऊ का?” पलीकडच्याने म्हणायचं, “ये.” उत्तर आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही.

डावीला तेल कोण घालणार? ती गंजली. आणि दिवेलागणीला, पहिलं गिऱ्हाईक टेकलं की, ती आपोआप हलायची. बोटभर पुढे, बोटभर मागे, कण्हत. भटारखान्यातल्या सुऱ्या थांबायच्या. “वारा आहे,” मालकीणबाई म्हणायच्या. मित्रांनो, माझ्या अंगावर कुणाचा हात पडतो ते मला कळतं. वाऱ्याला खांदा नसतो.

पुढे मालकीणबाईंनी बार सांभाळणाऱ्याशी लग्न केलं. भला माणूस. चिमणी लहान असताना तिला लिंबूपाणी करून द्यायचा, आणि ती त्याला ‘काका’ म्हणायची. लग्नानंतर ‘काका’ म्हणणं बरं दिसेना, दुसरा शब्द ओठांवर येईना. चिमणी मोठी होऊन इथेच वाढपाचं काम करू लागली, तरी त्याला हाक अशी नाहीच. “ऐका ना, दोन बर्फाचे पेले.”

“अगं, ‘ऐका ना’ हे काय नाव झालं?” लंबू चिडवायचा. ती हसायची नाही. तोही नाही. तो पेल्यांत बर्फ घालायचा.

एका दुपारी माझ्याजवळच तो बायकोला म्हणाला, “दुसऱ्या बारमध्ये विचारून आलोय. पुढच्या आठवड्यापासून ये म्हणालेत.”

“का पण?”

“ही जागा तिच्या बापाची आहे. मी असलो की पोरीचा जीव घुसमटतो.”

“तिने म्हटलं तसं?”

“तिने काहीच म्हटलं नाही. तेच तर.”

मित्रांनो, एक झडप बंद ठेवली की दुसरीवर दोघींचा भार पडतो. ती बिचारी बोलत नाही. एक दिवस निखळते. दारं जपा, आणि दाराशी थांबलेल्या माणसाला उत्तर द्यायला विसरू नका.

त्या शनिवारी दालन तुडुंब भरलं होतं. ऐन गर्दीत माझ्या उजव्या झडपेची बिजागरी उखडली. झडप फरशीवर बसली आणि हलेना. बारवाला मदतीला आत आलेला. त्याच्या हातांत लाकडी फळ्यांवरचे चरचरते तवे. बाहेर चिमणी, हातांत उष्ट्या बश्यांची चळत. वाट एकच उरली होती. तो डाव्या झडपेसमोर येऊन थबकला. गोल काचेतून दोघांनी एकमेकांना पाहिलं.

“येऊ का?” त्याने विचारलं.

लंबू जागच्या जागी थिजला. चिमणीचे ओठ हलले, पण आवाज नाही. तव्याखालची फळी तापत होती. त्याची बोटं लाल झाली, तरी तो रीत मोडेना.

तेवढ्यात माझी डावी झडप हलली. बोटभर नाही, चांगली हातभर. आणि मिटलीच नाही. कुणी खांदा लावून धरावी तशी उघडी राहिली. तो खांदा माझ्या ओळखीचा होता.

चिमणी त्या फटीकडे पाहत राहिली. मग अंग चोरून बाजूला झाली, लहानपणी पाय आखडून घ्यायची तशी.

“या, बाबा,” ती म्हणाली. “कुरकुरेल जरा. उद्या आपण दोघं तेल घालू तिला.”