दुसरी पुडी

"पोटातल्या बाळाला शेक देतेस की काय गं?" तापलेली इस्त्री उभी करून ठेवीत शेजारी काम करणाऱ्या मावशीने विचारले आणि धुलाईघरातल्या साऱ्या जणी खळखळून हसल्या.

जिला उद्देशून हे होते, तीही हसली. जाड टॉवेलाची चौघडी करायची, तिच्यावरून इस्त्री फिरवायची आणि ती ऊबदार घडी ओटीपोटाशी खोचून पुन्हा कामाला लागायचे, हा तिचा नित्याचा परिपाठ होता. विवाहानंतर थोड्याच काळात आलेली ती वेदना पुढे घरच्या माणसासारखी वस्तीलाच राहिली. मूल काही झाले नाही.

"आमच्या दादाचं नशीबच फुटकं," घरात राहणारी नणंद म्हणे; शेजारी ऐकू जाईल अशाच बेताने. नवरा रंगारी. पुलांना रंग देण्यासाठी महिनोन्महिने परमुलखात राही. घरी असला, तर असे काही कानी पडताच तो नखांतला रंग खरवडत मुकाट बसे. त्याचे ते मौन म्हणजेच त्याचा चांगुलपणा, असे ती समजत आली होती.

टॉवेल हसण्यावारी नेणाऱ्या मावशीनेच, एकदा ती भोवळ येऊन पडल्यावर, तिला हाताला धरून दवाखान्यात नेले. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी पतिपत्नींना एकत्र बोलावले.

"गर्भनळ्या दोन्ही बाजूंनी चिकटून बंद झाल्यात," त्या म्हणाल्या. "जुना जंतुसंसर्ग आहे. शरीरसंबंधातून येतो. बाईला पुष्कळदा कळतही नाही. आतल्या आत पसरत जातो." मग त्या रंगाऱ्याकडे वळल्या. "तुम्हाला कधी लघवीला जळजळ झाली होती?"

तो नखांतला रंग खरवडू लागला.

"झाली होती. लग्नानंतर, पहिल्या लांबच्या कामावर. मध्ये घरीही येऊन गेलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्यांच्या दोन पुड्या दिल्या. एक माझी, एक… हिची."

"मग यांना दिलीत?"

"दोन्ही मीच घेतल्या." तो म्हणाला. "रंगाचा एकच हात दिला तर लोखंड पुन्हा गंजतं, बाई. वाटलं, दुसरा हात दिला की पक्कं काम होईल. मी बरा झालो म्हणजे झालं. आणि हिला काय सांगून देणार होतो?"

तिच्या डोळ्यांत पाणी आले नाही. तिने डॉक्टरीणबाईंनाच विचारले, "तेव्हा ती पुडी मला मिळाली असती, तर?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "बहुधा नळ्या वाचल्या असत्या. आता औषधानं संसर्ग जाईल, दुखणं कदाचित कमी होईल. पण बंद झालेल्या नळ्या त्यानं उघडत नाहीत." मग त्या हलकेच म्हणाल्या, "तुम्ही एकट्या नाही हो. जगातल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर अशा बायका बसलेल्या असतात. लाखोंनी आहेत."

तिने विनयाने मान हलवली. त्या अनोळखी भगिनींविषयी तिच्या मनात करुणा दाटून आली; परंतु त्यांची संख्या कितीही मोठी असली, तरी तिची कूस तेवढीच रिती होती.

औषधाच्या पुन्हा दोन पुड्या मिळाल्या. दोघांनी एकाच वेळी घ्यायच्या होत्या. सवयीने त्याचा हात पुढे आला. तिने दोन्ही पुड्या आपल्या पिशवीत ठेवल्या.

सांजवेळी नणंद दारातच उभी होती. "काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई? हिच्यातच खोट ना?"

रंगाऱ्याचे बोट नखाकडे वळले. ती चपला न काढता उंबऱ्यापाशीच थांबून राहिली. आत गेली नाही, की त्याच्या वतीने बोललीही नाही.

"हिच्यात नाही," अखेर तो म्हणाला. "बाहेरून रोग आणला तो मी. हिचं औषधही मीच गिळलं."

"अरे, हळू बोल ना दादा! शेजारी ऐकतील."

तेव्हा ती चपला काढून आत गेली. दोन पेल्यांत पाणी भरून तिने एक पुडी त्याच्या तळहातावर उघडली.

"घ्या. माझ्यासमोर घ्या."

त्याने गोळ्या घेतल्या. दुसरी पुडी त्याने उघडून देऊ केली, तेव्हा ती म्हणाली, "असू द्या. माझी मी घेईन."

ताठ बसून तिने आपल्या गोळ्या गिळल्या, पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. मग उठून दोन्ही पेले विसळले आणि फळीवर एकमेकांपासून जरा दूर पालथे घातले.