डावी बाजू कोरी

फळ्यावर एवढंच लिहिलं होतं: ‘डावी बाजू कोरी. उजव्या बाजूला रंग, शेवटच्या रांगेतून दिसतील असे. वेळ दीड तास.’ आता यात न कळण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. मोठीलाही तसंच वाटलं, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

मोठी घरातही मोठी आणि पार्लरमध्येही मोठी. बावीस वर्षं तिने एकाच पार्लरात नवऱ्या मुली सजवल्या. तिच्या हाताची ख्याती अशी की मेकअप केलाय हे कुणाच्या बापाला कळू नये. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मुरुमांचे खड्डे, रात्रभर रडून सुजलेल्या पापण्या, सगळं तिच्या बोटांखाली गुपचूप नाहीसं व्हायचं. पण मालकीण पार्लर बंद करून लेकीकडे राहायला निघाली, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी मोठी रस्त्यावर आली. दुसऱ्या पार्लरवाल्या गोड हसून ‘कळवतो हं’ म्हणायच्या आणि कळवायच्या नाहीत. उरली होती एकच जागा, एका नाटक मंडळीच्या रंगपटातली, आणि त्यासाठी ही परीक्षा. रंगवायचा चेहरा आपला आपण आणायचा होता. जुन्या पार्लरातली जी मुलगी यायची होती ती सकाळीच तापाने फणफणली. मग काय, धाकट्या बहिणीला ऑफिसला दांडी मारायला लावून मोठीने तिला ओढत आणलं.

धाकटीच्या डाव्या गालावर जन्मापासूनचा डाग आहे. डोळ्याखालून निघतो, कानाकडे जरा वळतो आणि हनुवटीशी येऊन थांबतो. चांगला गडद लाल. शाळेत वर्गाचा फोटो होता त्या दिवशी आईने घाईघाईत दारातून सांगितलं होतं, “मोठे, तिचं जरा बघ गं.” मोठी तेव्हा चौदा वर्षांची. तिने आईचा पावडरचा डबा काढला आणि धाकटीच्या गालावर लिंपून लिंपून तो डाग घालवला. तिचा पहिला मेकअप तोच. त्यानंतर बत्तीस वर्षं, दोघी एकाच घरात, रोज सकाळी सात मिनिटं हा कार्यक्रम चालायचा: आधी लाली दाबायला हिरवं क्रीम, मग फाउंडेशन, मग पावडर. धाकटी डोळे मिटून बसायची आणि मोठी बघायची. ‘बघणं’ म्हणजे काय, हे घरात पुन्हा कुणी कुणाला सांगितलं नाही.

रंगपटात आठ खुर्च्या मांडल्या होत्या. आरसे होते, पण सगळ्यांवर कागद चिकटवलेला. “प्रेक्षक काय आरशात बघतात होय?” असं म्हणून रंगपटाच्या प्रमुख बाई बाहेर निघून गेल्या होत्या. त्यांना सगळे रंगबाई म्हणत, आणि त्यांच्या खिशात सदैव एक पांढरं फडकं असायचं. कोरी म्हणजे कोरी, मी फडकं फिरवून बघणार, अशी तंबी त्यांनी जाता जाता दिली होती.

मोठी धाकटीच्या समोर उभी राहिली. सकाळच्या घाईत रोजची सात मिनिटं राहून गेली होती. धाकटीने तोंडावरची ओढणी काढली मात्र, मोठीच्या हातात हिरवं क्रीम आलंसुद्धा! डोकं फळ्यावरचं वाचतंय, हात आपले गालावर. पाच मिनिटांत डाग गुडुप. ही बाजू आपल्या उजव्या हाताला, म्हणजे उजवी, म्हणजे रंगाची, असा हिशेब तिने केला. पलीकडचा स्वच्छ गाल डावीकडे, तो कोरा. चला, देव पावला, असं मनात म्हणत तिने निळा रंग उघडला.

पण रंग लागेना. म्हणजे लागत होता, पण मोठीची बोटं त्याला लगेच पुसट करत होती. कडा दिसली की बोट शिवशिवायचं, की आलंच ते मऊ करायला. शेवटच्या रांगेतून कसलं, हातभर अंतरावरूनही तो निळा रंग म्हणजे मार बसल्यासारखा दिसत होता. पिवळा लावला तर कावीळ. अगं बाई, हे काय चाललंय माझं, असं म्हणत तिने शेजारच्या खुर्चीकडे नजर टाकली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारचा दाढीवाला दुसऱ्याच बाजूला रंगवत होता. त्याच्या पलीकडचीही तशीच. सातच्या सात जण त्या बाजूला, आणि मोठी एकटी या बाजूला.

“अहो,” ती दबक्या आवाजात म्हणाली, “डावी कुठली?”

दाढीवाल्याने तिच्याकडे असं बघितलं की आता ही स्वतःचं नावही विचारेल. “डावी म्हणजे डावी, बाई.”

“हो, पण कोणाची? माझी का तिची?”

“तिचीच की! नाटकात डावं नटाचं असतं. तुमच्याकडे कोणाचं असतं?”

पार्लरमध्ये हा प्रश्न बावीस वर्षांत आलाच नव्हता. तिथे गिऱ्हाईक आरशासमोर, मोठी त्याच्या पाठीमागे, दोघांची तोंडं एकाच दिशेला. गिऱ्हाइकाचं डावं तेच मोठीचं डावं. पार्लरमध्ये डावं एकच असतं हो! इथे समोरासमोर उभं राहिलं तर दोन डावी झाली, आणि मोठीने नेमकं चुकीचं उचललं.

पन्नास मिनिटं उरली होती. कोरी ठेवायची होती तीच बाजू, डागाची.

तिला आधी वाटलं, निळा तेवढा पुसावा आणि खालचं फाउंडेशन राहू द्यावं, कोण बघतंय. मग फडकं आठवलं. मग वाटलं, सरळ पिशवी भरून घरी जावं. मग रिकामं पार्लर डोळ्यांसमोर आलं. डोक्याचा नुसता भुगा झाला होता. नोकरी हवी तर आठ खुर्च्यांच्या खोलीत बहिणीचा गाल उघडा टाकायचा, आणि गाल झाकायचा तर नोकरी गेली. आपण कशासाठी कुणाला विकतोय, हेच तिला कळेना.

“धाकटे,” ती खाली वाकून म्हणाली, “चुकलं गं माझं. हा गाल पुसावा लागेल. सगळा.”

धाकटीने डोळे उघडले नाहीत. “मग पूस की.”

“सगळा म्हणजे... खालपर्यंत.”

“ऐकलं मी, ताई. बहिरी नाहीये. पूस लवकर, मान अवघडलीये माझी.”

मोठीने पुसलं. डाग वर आला, चोळल्यामुळे जरा जास्तच लाल. त्याच्याकडे बघताना मोठीला जाणवलं की या डागाची कडा आपल्याला डोळे मिटूनही काढता येईल. बत्तीस वर्षं रोज त्याच कडेवरून बोट फिरवलं होतं, ती पुसून टाकण्यासाठी. मग तिने ब्रश घेतला आणि कोऱ्या राहिलेल्या उजव्या गालावर तीच कडा काढली, उलटी. डोळ्याखालून निघाली, कानाकडे वळली, हनुवटीशी थांबली. आत निळा भरला, गडद, धडधडीत. त्याच्याभोवती पिवळा, आणि पिवळ्याला खेटून हिरवा, तोच हिरवा जो रोज झाकायला वापरायची. वर पापणीवर नारिंगी असा ओढला की तो पार केसांत गेला. बोट शिवशिवलं तेव्हा तिने ते मुठीत धरून ठेवलं. आपण काय करतोय हे तिला कळत होतं असं मुळीच नाही.

रंगबाई आल्या त्या फडकं बाहेर काढूनच. दाढीवाल्याकडे ‘ठीक’, पलीकडे ‘जत्रा झालीये नुसती’, असं करत त्या धाकटीपाशी आल्या आणि थबकल्या. “कोरी सांगितली होती ना? दोन्हीकडे रंगवलंत?” म्हणत त्यांनी डाव्या गालावर फडकं फिरवलं. फडकं पांढरंच. पुन्हा फिरवलं, जोर लावून. पांढरंच.

“कुठला रंग हा?” त्या म्हणाल्या. “निघत का नाही?”

खोलीतल्या सगळ्यांच्या माना वळल्या. बत्तीस वर्षांत हे कुणापुढे बोलायची वेळ मोठीने येऊच दिली नव्हती, त्यामुळे त्यासाठी शब्दच नव्हते.

“तो रंग नाहीये,” ती म्हणाली. “ती... ती माझी बहीण आहे.”

सगळ्यांत आधी धाकटीच हसली. खदखदून, निळा गाल थरथरेपर्यंत. रंगबाई हसल्या नाहीत. त्या दारापर्यंत मागे गेल्या, तिथून त्यांनी एकदा लाल गाल बघितला, एकदा निळा बघितला, आणि फडकं खिशात घातलं. “सोमवारपासून या,” त्या म्हणाल्या. “आणि डावं-उजवं शिकून या. मी मघाशी दाराआडून ऐकलंय.”

बेसिनपाशी मोठीने निळा-पिवळा उतरवला, तोंड टिपलं, आणि सवयीने हिरव्या क्रीमचं झाकण फिरवलं. मग तिचा हात मध्येच थांबला.

“लावू ना?”

“मला काय विचारतेस? तुला लाज वाटते म्हणून तर बसते मी रोज.”

“मला?” मोठी ओरडलीच. “मला कशाला लाज वाटेल? तुला वाटते म्हणून मी लावते! आईनेच नाही का सांगितलं होतं, फोटोच्या दिवशी? तिचं जरा बघ म्हणून?”

धाकटीने आरशातून तिच्याकडे बघितलं. इथल्या आरशावर कागद नव्हता, आणि दोघींची तोंडं एकाच दिशेला होती.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “माझी वेणी सुटली होती त्या दिवशी. आई वेणीचं सांगत होती. फोटोतही सुटलेलीच आहे, बघ घरी गेल्यावर.”

मोठीने झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. डबी पिशवीत टाकायची का कचऱ्यात, तेही तिला ठरवता येईना, म्हणून ती तशीच हातात धरून ठेवली.

“वळ जरा,” ती शेवटी म्हणाली. “वेणी घालते.”