न झाडलेलं धुराडं

ऑरिन पेल्की त्या हिवाळ्यात बायकोशी एकच खोटं बोलला होता, आणि रोज सकाळी शेगडी पेटवताना ते खोटं त्याच्यासमोर येऊन बसायचं.

चाळीस वर्षं दर ऑक्टोबरात तो छपरावर चढून, लांब दांड्याचा तारेचा ब्रश वरून खाली घालून धुराडं खरवडून काढत आला होता. या वर्षी शिडीच्या चौथ्याच पायरीवर त्याचे गुडघे लटपटायला लागले आणि तो खाली उतरला. कुणाला तरी बोलवायला हवं होतं. पण 'ऑरिनला आता छप्पर झेपत नाही' हे दुकानात, पोस्टात, चर्चच्या पायऱ्यांवर बोललं जाणार, हे त्याला आधीच ऐकू आलं. मग तो तळघरात गेला. धुराड्याच्या खालच्या दारातून ब्रश हातभर आत घालून त्याने दहा मिनिटं खडखडाट केला आणि अर्धी बादली काजळी घेऊन वर आला.

लॉर्ना शेगडीजवळच्या पलंगावर होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचा पलंग बैठकीच्या खोलीतच होता.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"बरं झालं. आता तू छपरावरून उतरलास म्हणून माझाही जीव भांड्यात पडला."

खोटं म्हणजे एवढंच. पण त्यात सरपण ओलं. त्या डोंगरात शहाणा माणूस एक हिवाळा पुढचं लाकूड तोडून ठेवतो. ऑरिनची तोड गेल्या वर्षीच मागे पडली होती, त्यामुळे जानेवारी संपता संपता पुढच्या वर्षीचं, अजून न वाळलेलं मेपलचं लाकूड घरात यायला लागलं. ते शेगडीत सुसूं करायचं, टोकांतून फेस गाळायचं, आणि त्याचा धूर धुराड्यात डांबर होऊन चिकटायचा. जाळ मोठा करावा तर आत बसलेलं डांबर पेट घेईल, बारीक ठेवावा तर आणखी बसेल. ऑरिनला दोन्ही माहीत होतं. तो जाळ बारीक ठेवायचा आणि सारखी छताकडे मान वर करायचा.

शेगडीही म्हातारी. बिडाची, त्याच्या वडिलांच्या वेळची. डाव्या अंगाला तडा, आणि दार असं वाकलेलं की कडी लावली तरी फटीतून जाळ दिसायचा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी शेजारचा रॉइस गॅमेल सूपचं भांडं घेऊन आला. गावच्या अग्निशमन पथकाचा तो कप्तान.

"ऑरिन, तुझा धूर खालच्या रस्त्यापर्यंत लोळतोय रे. काय जाळतोस, जुने बूट?"

"ओलं मेपल आहे थोडं."

"तू? ओलं? तुझ्या सरपणाची रास बघून माझी बायको मला दहा वर्षं टोमणे मारतेय! धुराडं झाडलंयस ना पण?"

"ऑक्टोबरातच झाडलं त्याने," लॉर्ना पलंगावरून म्हणाली. "मी कानांनी ऐकलंय."

ऑरिन वाकून शेगडीच्या दाराची कडी चाचपत राहिला. रॉइसने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग टोपी घालून तो गेला.

ऑरिन लाकडं आणायला पडवीत गेला. लॉर्नाला सकाळपासून हुडहुडी भरली होती. चार वेळा सांगूनही त्याने जाळ वाढवला नव्हता. तिने काठीच्या टोकाने शेगडीच्या हवेची झडप पूर्ण उघडली आणि उशाशी साठलेली वर्तमानपत्रं, पेटवणासाठीची बर्च झाडाची साल, सगळं पलंगावरूनच आत कोंबलं.

ऑरिन हातात लाकडं घेऊन दारात आला तेव्हा आवाज सुरू झाला होता. छताच्या वर कुणी राक्षसी भाता ओढतंय तसा. शेगडीची धुराड्यात जाणारी नळी लाल होत चालली होती. आतलं डांबर पेटलं होतं.

"काय होतंय हे?" लॉर्ना ओरडली. "ऑरिन, मी फक्त ऊब..."

त्याने झडप लाथेने बंद केली. पण वाकलेलं दार हवा ओढतच होतं. शेगडीजवळच्या बादलीतली राख पाण्यात कालवून त्याने ती फटीत थापली, बोटं भाजली तरी थापत राहिला. मग रॉइसला फोन केला, लॉर्नाला रजईत गुंडाळलं आणि ज्या गुडघ्यांना शिडी झेपली नव्हती त्याच गुडघ्यांवर तिला उचलून बाहेर आपल्या ट्रकमध्ये नेऊन बसवलं. धुराड्याच्या तोंडातून ठिणग्या बर्फावर पडत होत्या.

वीस मिनिटांत पथक आलं. घर वाचलं. पण धुराड्याच्या विटा आतून फुटल्या होत्या.

"या हिवाळ्यात इथे काडीसुद्धा ओढायची नाही," रॉइस ट्रकच्या खिडकीशी येऊन म्हणाला. "ऑरिन, झाडलेल्या धुराड्यात एवढं डांबर नसतं."

"माझी चूक आहे, रॉइस," लॉर्नाच मध्ये बोलली. तिचे ओठ निळे पडले होते. "झडप मी उघडली. त्याचं ऐकलं नाही. बिचारा मला नको नको म्हणत होता. माझ्या मूर्खपणापायी आज घर गेलं असतं..." आणि ती रडायला लागली.

गप्प राहिलं तर निभून जात होतं. रॉइसनेही नजर दुसरीकडे वळवून त्याला तशी जागा करून दिली होती.

"झाडलं नव्हतं," ऑरिन म्हणाला. "शिडी चढवेना. तळघरातून नुसता आवाज केला."

लॉर्नाचं रडणं थांबलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता. अर्धवट ओळखीच्या माणसाचं नाव आठवून पाहावं तशी ती बघत होती.

"चार महिने," ती म्हणाली, "मी त्या शेगडीशेजारी झोपले. मला उठताही येत नव्हतं."

"लॉर्ना..."

"रॉइस, मला नदीनकडे सोड." नदीन तिची बहीण, गावात राहायची.

"मी येतो बरोबर," ऑरिन म्हणाला.

"तू कसा येशील? आज रात्री घर गोठेल. नळांतलं पाणी गोठून पाइप फुटतील." तिने रजई हनुवटीपर्यंत ओढली. "सगळं पाणी काढून टाक. मग तू यायचं का, ते मी फोन करून सांगेन."

रॉइसचा ट्रक वळणावरून दिसेनासा झाला. ऑरिन तळघरात उतरला, मुख्य नळ बंद केला, मग वर येऊन एकेक तोटी उघडी करत गेला. बाथरूममधली उघडून तो फोनजवळ खुर्ची घेऊन बसला. भाजलेली बोटं त्याने काखेत धरली. तोंडातून वाफ दिसायला लागली होती.