मिठागरात पिकलेली जीभ

डहाणूच्या उमेशशेठची चिकूवाडी भावाने सांभाळली, घर बायको पुष्पाने. उमेशशेठने स्वतः सांभाळलं ते खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीतलं एक जिवंत प्रवाळ.

बशीएवढं, लालभडक, कडेला पोपटी, आणि दिवसा असं मऊ फुगायचं की पुष्पा म्हणायची, "माझ्या भाकरीकडे कधी एवढं टक लावून पाहिलं नाहीत." मुंबईच्या, अशा टाक्या पाळणाऱ्या हौशी मंडळातल्या एकाने ते परदेशातून मागवलेलं, वर्षभर विनवल्यावर उमेशशेठला दिलं. रविवारी मंडळातले चौघे ते बघायला येणार होते.

गुरुवारी प्रवाळ आक्रसलं. शुक्रवारी मांसाखालचा पांढरा सांगाडा दिसू लागला.

उमेशशेठने दिवे मंद केले, ताजी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, चिमट्याने भरवली, पाणी जेवढं खारं तेवढा वर राहणारा खारेपणाचा तरंगता काटा तीनदा पाहिला. काट्याच्या मते सगळं ठीक.

"एप्रिलचं ऊन, वर टाकीवर पंखा. रोज बोटभर पाणी उतरतं," तो पुष्पाला म्हणाला. "रोज चिखल्याच्या किनाऱ्यावरून समुद्राचं ताजं आणून भरतो. आणखी काय करायचं माणसाने?"

जयवंती फरशी पुसत होती. मूळची झरी गावची, आठ हिवाळे मिठागरात राबून या घरी कामाला आलेली. टाकीला हात लावायचा नाही, ही पहिल्या दिवसाची ताकीद. तिने बोट बुडवलं आणि चाटलं.

"शेठ, हे तर मिठागराच्या शेवटच्या खाचरातलं पाणी झालं."

"काटा आहे माझ्याकडे, जयवंती."

"काट्यावर मीठ चढलंय. जड झालाय, म्हणून बुडतोय. ऊन पाणी नेतं, मीठ मागं ठेवतं. आम्ही वरून खारं सोडत राहायचो ते मीठ पिकवायला. तुम्हाला काय पिकवायचंय?"

पुष्पा हसायला आत गेली. नवऱ्यावर तेवढी माया होती.

उमेशशेठने काटा धुऊन पाण्यात सोडला, तर टुणकन वर आला.

"उडालं ते गोडं पाणी," जयवंती म्हणाली. "गोडंच घाला. पण तांब्या-तांब्याने."

शनिवारभर ती गाळलेलं पाणी ओतत, चाटत राहिली. उमेशशेठने दिवसात तिला अकरा वेळा 'जयवंतीबाई' म्हटलं. आधीच्या तीन वर्षांत एकदाही नाही.

रविवारी सांगाडा झाकला गेला होता. पाहुणे टाकीपाशी वाकले. एकाने विचारलं, "खारेपणा कशाने मोजता?"

"आहे एक यंत्र, बाहेरून मागवलेलं..." उमेशशेठने सुरुवात केली. दारात पुष्पा होती, चहाचा ट्रे घेऊन जयवंती. तो थांबला. "या मोजतात."

जयवंतीने ट्रे त्याच्या हातात दिला, बोट बुडवून चाटलं.

"अजून दोन तांबे," ती म्हणाली.

चहा मग उमेशशेठनेच वाटला.