तंबाखूच्या कोठाराची फळी

“एक फळी मिळाली तरी पुरे,” गाडी थांबवता थांबवता वेस्ली म्हणाला. “प्रत्येक गिटारीच्या माथ्यावर तिचा पातळ तुकडा बसवू. तुझ्या वडिलांच्या कोठाराचं लाकूड! लोक रडतील बघ.”

गायिका नेल्डा टॅकेट खिडकीबाहेर बघत होती. तिच्या नावाच्या, सही केलेल्या मोजक्याच गिटारी निघणार होत्या आणि वेस्ली त्यांचा आराखडा करत होता. नॅशव्हिलला बसून लाकूड, दांड्याची जाडी, सगळं मजेत ठरलं. मग त्याने कोठाराचं काढलं. वेळ मारून न्यायला ती म्हणाली, आईला विचारावं लागेल. तर या पठ्ठ्याने तिच्यासोबत केंटकीला, आईच्या घरी यायचं ठरवूनच टाकलं.

कोठार कधी नव्हतंच. वडिलांचं गावात बुटांचं दुकान होतं आणि तिची पहिली गिटार त्यांनी टपालाने मागवली होती. तरुणपणी एका कार्यक्रमात तार तुटली. नवी चढवेपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून तिने सांगून टाकलं, की बापाने तंबाखूच्या कोठाराची फळी उचकटून मला गिटार करून दिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या गावी लोकांनीच ती गोष्ट मागितली. वडील गेले तेव्हा वर्तमानपत्रात कोठार छापून आलं, दुकान नाही.

म्हातारी इर्मा ओसरीवर उभी होती.

“हा कोण? नवा नवरा?”

“आई, काहीतरीच काय! गिटारवाले आहेत.”

वेस्लीने टोपी काढली. “मॅम, ते तंबाखूचं कोठार कुठल्या अंगाला होतं?”

इर्माने लेकीकडे पाहिलं. नेल्डा खाली बघत राहिली.

“जळलं,” इर्मा म्हणाली. “केव्हाच.”

“अरेरे. काहीच नाही उरलं?”

“राख उरते, पोरा. ती कोण जपून ठेवतं?”

चर्चमध्ये दर रविवारी गावच्या पोरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवण्यात या बाईचा जन्म गेला होता. नेल्डाची कानशिलं तापली.

वेस्ली क्षणभर हिरमुसला, मग एकदम खुलला. “मग कडा काळ्या करू! मधे मधासारखा रंग आणि कडेनं जळल्यागत काळा. नेल्डा, याहून भारी काय!”

“वेस्ली, ऐक ना...”

“काय?”

तो इतका आनंदात होता.

“काही नाही. काळा शोभेल.”

स्वयंपाकघरात ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली. “आई, तू कशाला गं...”

“मग काय, परक्यासमोर उघडी पाडू तुला?” इर्मा घेवडा वाढत राहिली. “मी सांगायचे तुझ्या वडिलांना, पोरीला आवरा. तर म्हणायचे, राहू दे, बुटांच्या दुकानाचं गाणं कोण ऐकणार.”

 नेल्डाने मक्याच्या पावाची ताटली उचलली आणि बाहेर नेली.

तिघं टेबलाशी बसली, हातात हात घेतले, माना खाली घातल्या. या घरात जेवणाआधीची प्रार्थना इर्माच म्हणायची; पाद्री जेवायला आले तरी तिने तो मान त्यांना दिला नव्हता. नेल्डा डोळे मिटून वाट पाहत राहिली. आईचा हात तिच्या हातात होता, कोरडा, हलका.

“आज तू म्हण, पोरा,” शेवटी इर्मा हळूच म्हणाली. “माझ्याच्यानं नाही व्हायचं.”

वेस्लीने घसा खाकरला आणि सुरुवात केली. नेल्डाने डोळे उघडले नाहीत.