वीसपैकी शून्य

मोठ्या बाईंच्या शाळेचा गुन्हा एवढाच होता की ती चांगली होती.

राज्याच्या शिक्षण खात्याने शाळा सुधारायची मोहीम काढली होती. वर्षाच्या सुरुवातीला चौथीची एक चाचणी, शेवटी दुसरी, आणि दोन्हींत पडेल तो फरक म्हणजे त्या शाळेची सुधारणा. फरक दहा टक्क्यांच्या खाली गेला की शाळा 'साचलेली'. सलग दोन वर्षं साचली की जवळच्या शाळेत विलीन. बाईंची मुलं गेल्या वर्षी सुरुवातीला एक्क्याण्णव टक्क्यांवर होती आणि शेवटी चौऱ्याण्णववर. सुधारणा तीन. खात्याच्या लेखी शाळेचं डबकं झालं होतं.

जवळची शाळा म्हणजे हमरस्त्यापलीकडची, आणि तिथल्या मुख्याध्यापिका म्हणजे बाईंच्या सख्ख्या थोरल्या जाऊबाई. त्यांची मुलं वीसवरून अडतीसवर गेली होती. सुधारणा अठरा! त्याबद्दल मिळालेली ढाल दोघींच्या एकत्र घराच्या बैठकीत टीव्हीच्या बरोबर वर टांगली होती, त्यामुळे बातम्या बघायच्या तर तिचं दर्शन घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जाऊबाईंच्या हाताखाली नोकरी करायची कल्पनाच बाईंना सोसवत नव्हती. स्वयंपाकघरात त्या वरिष्ठ होत्याच, तेवढं पुरे होतं. पण तेही एक वेळ गिळलं असतं. खरा प्रश्न हमरस्त्याचा होता. निम्म्या मुलींच्या आयांनी आधीच सांगून टाकलं होतं, "एवढ्या ट्रकांमधून आम्ही पोरगी धाडणार नाही. त्यापेक्षा घरी बसू दे." आणि तसं त्या खरंच करणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"अगं, एवढं काय तोंड पाडून बसलीस?" वाळलेल्या चादरीचं एक टोक बाईंच्या हातात देत जाऊबाई म्हणाल्या. "सुरुवातीला मुलं कच्ची दाखवायची, शेवटी पक्की. यात काय अवघड आहे?"

"म्हणजे तुम्ही मुद्दाम..."

"मी कशाला मुद्दाम काही करू? माझी मुळातच कच्ची आहेत," जाऊबाई अभिमानाने म्हणाल्या आणि चादरीची घडी घालून आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून चौथीच्या वर्गात शेवटचा तास चुकांचा सुरू झाला. धाकटे सर, म्हणजे शाळेतले दुसरे आणि शेवटचे शिक्षक, यांना ते अजिबात पटलं नाही.

"बाई, हे शिकवणं नाही. हे उलटं शिकवणं झालं."

"मग शाळा बंद झाली की सुलटं शिकवा," बाई म्हणाल्या. "रिकाम्या बाकांना."

सर फळा पुसायला लागले. तो आधीच पुसलेला होता.

बाईंनी मुलांना नीट समजावलं. वीस प्रश्न असतील. प्रत्येकाखाली चार उत्तरं. सहा-सात बरोबर सोडवा, बाकीचे चुकवा, पण एकमेकांचं बघून चुकवू नका, ज्याने त्याने आपापलं चुकायचं. मुलं माना डोलावत होती. पण बाई इथे एक गोष्ट विसरल्या. बावीस वर्षं त्यांनी प्रत्येक वर्गाला एकच वळण लावलं होतं की सांगितलं त्याहून थोडं जास्त करायचं. कमी चुकणं हा या पोरांना आळशीपणा वाटला. मधल्या सुट्टीत पैजा लागायला लागल्या. "मी चारच बरोबर ठेवणार." "हट्, मी एकपण नाही!" पहिल्या नंबरची मुलगी तर घरी पहाटे उठून चुकीची उत्तरं पाठ करत होती, आणि तिच्या आजोबांनी घाबरून डॉक्टर गाठला होता.

चाचणी झाली, उत्तरपत्रिका राज्याच्या कचेरीत गेल्या, आणि बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो फक्त तीन आठवडे टिकला.

चौथ्या आठवड्यात शाळेच्या दारात सरकारी गाडी उभी राहिली. तिच्यातून कचेरीतले साहेब उतरले. काखेत फाईल, कपाळावर आठ्या. चौथीच्या वर्गातल्या खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "बाई, परिपत्रकाचं चौथं पान वाचलंत का?"

बाईंनी तीनच पानं वाचली होती. चौथं तीन महिने टाचणीमागे चिकटून होतं.

"सुरुवातीच्या चाचणीत पंधरा टक्क्यांच्या खाली असलेली शाळा वर्षअखेरीची वाट न बघता तत्काळ विलीन," साहेबांनी वाचून दाखवलं. "तुमची एकवीस मुलं, प्रत्येकी वीस प्रश्न. एकूण चारशे वीस."

आकडा ऐकून धाकट्या सरांना खोकला आला.

"त्यातले बरोबर किती? एक! अख्ख्या राज्यात असा निकाल नाही. मशीन बिघडलं म्हणून आम्ही दोन वेळा तपासलं. हा विलीनीकरणाचा आदेश, तीन प्रतींत. पोच म्हणून सही करा."

बाईंनी तिन्ही प्रती टेबलावर ठेवल्या. अर्धी मुलं त्यांच्या डोळ्यांसमोर घरी बसली, उरलेली जाऊबाईंच्या रांगेत उभी राहिली. मग हिशोब करायची जुनी खोड मदतीला धावली. चारशे वीसपैकी एक?

"साहेब, तुमच्या ड्रायव्हरदादांना जरा आत बोलावता?"

"ड्रायव्हरला? कशाला?"

"त्यांची चाचणी घ्यायची आहे."

ड्रायव्हरदादा बाकावर मावेनात, म्हणून बाजूला तिरके बसले. बाईंनी शिल्लक राहिलेली एक प्रश्नपत्रिका पुढे ठेवून त्यांना डोळे घट्ट मिटायला लावले आणि कुठेही खुणा करा म्हणून सांगितलं. दादांनी वीस प्रश्न अर्ध्या मिनिटात निकालात काढले, तीन खुणा तर बाकावरच केल्या. सरांनी तपासलं. सहा बरोबर.

"बघा," बाई म्हणाल्या. "काहीच येत नाही त्याचेसुद्धा पाच-सहा बरोबर येतात. माझ्या वीस मुलांचा एकही नाही. साहेब, सगळं चुकवायचं तर सगळं यावं लागतं."

साहेबांनी फाईल मिटली. "ही नुसती बोलाची गोष्ट झाली."

"मग तुम्ही शून्य मिळवून दाखवा."

साहेबांनी चष्मा पुसला, पेन काढलं आणि पुढच्या बाकावर बसून मन लावून चुकायला सुरुवात केली. दोनदा खोडलं. एकदा पहिल्या नंबरच्या मुलीच्या वहीत डोकावले, तेव्हा तिने वहीवर हात आडवा ठेवला. वीस मिनिटांनी त्यांनी कागद पुढे केला.

"दोन बरोबर," सरांनी जड आवाजात जाहीर केलं.

"कसे काय?" साहेब दुखावले. "मी सगळे चुकवले होते!"

पोरांच्या चेहऱ्यावर खरीखुरी कणव होती. एकजण म्हणालासुद्धा, "सराव केला की जमतं, साहेब."

साहेबांचे कान लाल झाले. विषय बदलावा म्हणून त्यांनी फाईल उघडली. "आणि तो एक बरोबर आलेला? तो कोणाचा?"

तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. वर्गात तिला मुंगी म्हणायचे, कारण ती असते हे कोणाच्या लक्षातच येत नसे. उभी राहिली तीच मुसमुसत.

"माझा. मी मुद्दाम नाही केला, बाई. मला चूकच ठेवायचं होतं. सगळ्यात मोठं कोण विचारलं होतं. एक तृतीयांश, चतुर्थांश, पंचमांश का अष्टमांश. आठ मोठा ना? म्हणून तो सोडला, आणि सगळ्यात लहान म्हणून तीनवाला घेतला. तर तोच बरोबर निघाला!"

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. तीन वर्षं ही पोर समोर बसत होती. नव्वदीतल्या मुलांच्या गर्दीत तिला अपूर्णांक येत नाहीत हे त्यांना कधी दिसलंच नव्हतं. शाळेची, साहेबांची, जाऊबाईंची, कशाचीच शुद्ध राहिली नाही. लाज वाटली ती फक्त स्वतःची.

"इकडे ये, बाळ," त्या म्हणाल्या. टेबलावर हाताला लागला तो कागद त्यांनी उचलला आणि फाडून तीन सारखे तुकडे केले. दुसरा तेवढाच कागद घेतला, त्याचे आठ केले. "आता सांग. यातला एक घेशील, का यातला एक?"

मुंगीने दोन्ही तुकडे हातात धरले. पुन्हा पुन्हा बघितले. "जास्त जणांत वाटला की तुकडा लहान होतो," ती हळूच म्हणाली, आणि मग मोठ्याने, "लहान होतो, बाई!"

"थांबा, थांबा." साहेब बाकावरून उठून टेबलाशी आले होते. "पुन्हा एकदा दाखवा बरं. ते आठचं."

बाईंनी पुन्हा दाखवलं. साहेबांनी एक तुकडा दुसऱ्यावर ठेवून बघितला, मान हलवली, आणि मग त्या तुकड्यावर त्यांना स्वतःची सही दिसली.

"बाई, हा आदेश आहे."

बाईंनी टेबलाकडे बघितलं. दोन प्रती फाटल्या होत्या. सरांनी डोळे मिटून घेतले.

"तिसरी आहे अजून," साहेब म्हणाले. त्यांनी ती ओढून घेतली, मुंगीला बाकावर थोडं सरकायला सांगितलं, तिच्या शेजारी बसले आणि खालच्या अभिप्रायाच्या चौकोनात लिहायला लागले. चौकोन लहान होता, म्हणून अक्षर बारीक काढलं. लिहून झाल्यावर कागद त्यांनी बाईंकडे न देता मुंगीकडे दिला आणि वाच म्हणाले.

मुंगी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचायला लागली.

"विलीनीकरण करू नये. या शाळेतल्या एका मुलीला एक प्रश्न येत नव्हता. तो माझ्यासमोर शिकवण्यात आला. आता आम्हा दोघांनाही येतो."